व्यंकटमामांचे चिंचोके आणि रेणापूरचं दुकान

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे, नाहीतर नांदेड येईपर्यंत माझं डोकं फुटेल. लातूरहून गाडीत बसलेय, खिडकीची जागा मिळालीय, फोनची बॅटरी निम्मी आहे आणि दोन अंगठ्यांनी टाइप करून राहिलेय, तेव्हा शुद्धलेखनाचं कुणी काही बोलू नका. तर आज दुपारी आमचं रेणापूरचं दुकान बंद होता होता राहिलं. आणि ज्यांच्यामुळं राहिलं त्यांना हे अजून माहीतच नाही. मी सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही. का जमलं नाही ते शेवटी येईलच, आधी माणूस ऐका.

व्यंकटमामा. माझे सख्खे मामा नव्हेत, ऑफिसात सगळ्यांचेच मामा. आमची कंपनी म्हणजे किराणा आणि घरसामानाची दुकानं, हेड ऑफिस नांदेडला आणि दोन जिल्ह्यांत मिळून डझनभर दुकानं. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. नवं दुकान कोणत्या गावात, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या बाजूला टाकायचं, हे पहिल्या दुकानापासून मामा ठरवत आले. घर लातूरला, आठवड्यातून दोनदा पहिल्या गाडीनं नांदेडला यायचे, बाकी दिवस कुठल्या ना कुठल्या गावात रस्त्यावर उभे. त्यांच्या कामाला नाव नव्हतं. कागदोपत्री फक्त 'फील्ड' असं लिहिलेलं.

मी आले दोन वर्षांपूर्वी. मी लोहा गावची, नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं, नकाशे आणि डेटा शिकले, आणि आमच्या प्लॅनिंगच्या अभिजित सरांनी मला घेतलं. सर पुण्याहून आलेले. त्यांनी एक सॉफ्टवेअर आणलं होतं आणि ते चालवायला मी. लोकांच्या फोनमधल्या ॲपवरून, नाव-गाव न कळता, कोणता फोन कुठून कुठं गेला एवढं कळतं. ते सगळे ठिपके नकाशावर पडतात. जास्त ठिपके तिथं लाल, कमी तिथं पिवळं. कोणतं दुकान कोणत्या दुकानाचं गिऱ्हाईक खातंय, तेही दिसतं. मला तर वेड लागलं होतं. सकाळी डबा उघडायच्या आधी नकाशा उघडायचे मी.

पहिल्याच आठवड्यात सरांनी मला मामांबरोबर देगलूरला पाठवलं. म्हणाले, त्यांची पद्धत बघून घे, आपल्याला सिस्टीममध्ये टाकता येते का बघू.

मामा स्टँडवर उभे होते. पांढरा शर्ट, तळ बदललेल्या चपला आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत पाच किलो खडेमीठ. बाकी काही नाही.

"ही धर," म्हणाले.

"मामा, मी लॅपटॉप आणलाय."

"त्यो पाठीवर राहू दे. ही हातात धर नि बाजारातून चाल. मनात मोजू नको काही. तुझ्या मैत्रिणीचं लग्न कसं झालं ते सांग मला."

"कोणती मैत्रीण?"

"एखादी असंलच की. चाल."

मी चालले. मैत्रिणीच्या नवऱ्यापर्यंत आले आणि एका मेडिकलसमोर माझ्या नकळत पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. मामा म्हणाले, थांब. खिशातून खडू काढला, वाकले आणि नालीच्या कट्ट्यावर एक रेघ मारली.

"आता हितं उभी राह्य नि बघ."

मला हसू येत होतं. पण बघा, पहिली बाई आली, तिनं रेघेच्या दोन पावलं अलीकडं हात बदलला. दुसरीनं अगदी रेघेवर. तिसरीनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला, दुसऱ्या हातानं उचलली आणि निघाली. माझ्या अंगावर काटा आला. आत्ता टाइप करतानाही येतोय.

"हात बदलेपर्यंत बाई बाजारात असती," मामा म्हणाले. "हात बदलला की तिला घर दिसतं. मग कुणी फुकट वाटत असलं तरी थांबत न्हाई. दुकान ह्याच्या चाळीस पावलं अलीकडं पायजे."

"चाळीसच का?"

"मोजलंय म्हणून."

मोजायचे ते चिंचोक्यांनी. डाव्या खिशात चिंचोके भरलेले, समोरून एक भरलेली पिशवी गेली की एक चिंचोका उजव्या खिशात. वही नाही, पेन नाही. रस्त्यावर वही काढली की लोक तुमच्याकडं बघत चालतात आणि नेहमीसारखं चालायचं विसरतात, असं त्यांचं म्हणणं. पँटचे खिसे शिंप्याकडून कोपरापर्यंत हात जाईल एवढे खोल शिवून घेतलेले. मामी म्हणायच्या, एक दिवस धुण्याच्या दगडाला चिंचेचं झाड फुटणार हाय.

आणि एक नियम होता त्यांचा, जो भाऊंनी पुढं कंपनीचाच करून टाकला. कुठलीही जागा पक्की करायच्या आधी तीन दिवस तिथं उभं राहायचं. एक बाजारचा दिवस, एक सुना दिवस आणि एक लग्नतिथीचा. लग्नतिथीला कशाला, तर त्या दिवशी सगळं गाव दुसरीकडं जेवायला गेलेलं असतं, मग जे उरतं ते दुकानाचं खरं गिऱ्हाईक. तीन दिवस झाले की एका कागदावर 'जागा पाहिली' असं लिहून सही. बस. त्या सहीशिवाय भाऊ कुलूपसुद्धा विकत घ्यायचे नाहीत.

मध्ये सरांनी उदगीरच्या दुकानाच्या दारावर माणसं मोजायचा कॅमेरा लावला. मामांनी दिवसभर त्याच्या शेजारी उभं राहून मोजलं. संध्याकाळी मला म्हणाले, "त्याची माणसं माझ्यापेक्षा जास्त भरली."

"मग तुमची सुटली असतील."

"हाव, सुटली. एका बाईच्या डोक्यावर गठुडं होतं. मी तिला एक धरलं, त्यानं दोन."

आता तुम्हाला वाटेल म्हातारा माणूस प्रत्येक वेळी बरोबर आणि मशीन प्रत्येक वेळी चूक, अशी गोष्ट आहे ही. तसं नाहीये. लातूरला क्लासेसचा भाग आहे ना, जिथं गावागावांची पोरं-पोरी खोल्या करून राहतात, तिथं माझा नकाशा लालभडक दाखवत होता. मामा तीन दिवस उभे राहिले आणि नाही म्हणाले. "रस्ता वाहून राह्यलाय, पण हात रिकामे हायेत." मीटिंगमध्ये ते एकटे नाही म्हणाले, बाकी सगळे हो. भाऊंनी पहिल्यांदाच त्यांच्या सहीशिवाय दुकान उघडलं. आणि ते धो धो चाललं. अजून चालतंय.

महिन्याभरानं मामा तिथं परत गेले, आपणहून, आणि पुढच्या मीटिंगमध्ये कुणी विषय काढायच्या आधी उभे राहिले.

"लातूरला माझं चुकलं. पोरांच्या पाठीवर सॅक असती. मी फक्त हातातली पिशवी मोजली, पाठीवरची मोजलीच न्हाई. सगळं सामान पाठीवर जात होतं माझ्या डोळ्यांदेखत."

सर म्हणाले, "होतं व्यंकटराव, कधी कधी."

"होतं न्हाई साहेब, मी केलं. आता तुमचं मशीन चुकलं की त्यालाबी असंच उभं करा."

सगळे हसले. सरसुद्धा. पण मामा हसत नव्हते, ते खरंच वाट बघत होते त्या दिवसाची.

तो दिवस आला रेणापूरवरून.

रेणापूरची विक्री दोन वर्षं जागची हलली नव्हती. सरांनी मला सगळ्या दुकानांचं जाळं एकत्र मांडायला सांगितलं. मी मांडलं. नकाशा अगदी स्वच्छ बोलत होता: रेणापूरचे फोन रोज सकाळी लातूरला जातात, संध्याकाळी परत येतात. लोक लातूरला जातातच आहेत, मग रेणापूरला दुकान कशाला? ते बंद करा, लातूरच्या बाहेरच्या रस्त्याला एक मोठं उघडा. तो बाण मीच काढलेला, हिरव्या रंगाचा, रेणापूरपासून लातूरपर्यंत. मला लई आवडला होता तो बाण.

रेणापूर बंद म्हणजे तिथल्या सुनंदाताई आणि त्यांच्या हाताखालच्या चौघी, पाच जणींचं काम बंद. त्यातल्या एकीलाही रोज लातूरला येणं जमण्यासारखं नव्हतं. सरांनी कागद पुढं केला. उघडताना मामांची सही होती, तर बंद करतानाही असू दे म्हणाले, रीत म्हणून.

मामांनी कागद वाचला आणि परत सरकवला.

"उघडताना मी तीन दिवस उभा राह्यलो. बंद करायच्या आधीबी तीन दिवस उभा राह्यनार."

"व्यंकटराव, वर्षभराचा डेटा आहे आपल्याकडं. तीन दिवसांत काय वेगळं दिसणार?"

"मग सही त्याचीच घ्या की. माझी कामून पायजे?"

भाऊ चष्मा पुसत बसले. मामा माझ्याकडं वळले.

"शीतल, माय, तुमच्या लोह्याला आज बाजार ना?"

"हो."

"तुझ्या आईला फोन लाव. सगळ्यांना ऐकू येईल असा."

मला काही कळेना, पण लावला. स्पीकरवर टाकला. खूप वेळ वाजला आणि बाबांनी उचलला.

"आई कुठंय?"

"बाजारात गेली."

"मग तिचा फोन तुमच्याकडं कसा?"

"चार्जिंगला लावून गेली की. बाजारात फोन कोण नेतं, गर्दीत पडला म्हंजे? कामून, काय झालं?"

मी म्हटलं काही नाही, आणि ठेवला. आणि मला सांगायला लाज वाटते, पण आयुष्यभर जे डोळ्यांनी पाहिलंय ते माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. माझ्या नकाशावर माझी आई बाजाराच्या दिवशी घरातच होती. दर बाजाराला.

मामा नकाशाजवळ गेले आणि माझ्या हिरव्या बाणावर बोट ठेवलं. "हा बाण गड्यांचा हाय. कामाला जातेत, कचेरीला जातेत, येताना बिस्कीटपुडा आणतेत. घरचं सामान ज्या पिशवीत येतं ती पिशवी कुठं जाती, हे ह्याच्यात हाय का?"

सर वाईट माणूस नाहीत, हे मला सांगायलाच पाहिजे. ते शांतपणे म्हणाले, "एका आईवरून जाळं ठरत नाही, व्यंकटराव."

"मग चला रेणापूरला. दोन आयांवरून ठरवू."

सर आले नाहीत. मी गेले. मामांनी सुनंदाताईंकडून गोळ्यांच्या दोन रिकाम्या बरण्या मागून घेतल्या आणि गल्ल्याशेजारी ठेवल्या. बाजारातून येणाऱ्या प्रत्येक बाईला सुनंदाताई हिशोबाच्या वेळी सहज विचारायच्या, फोन हाय का जवळ? असला तर चिंचोका डाव्या बरणीत, नसला तर उजव्या. बायका सरळ थोडंच उत्तर देतात. एक म्हणाली, कामून, तुला फोन लावायचाय का मला, मी समोर उभीय ना. एक म्हणाली, फोन हाय की, पोराजवळ हाय, पोरगं पुण्याला हाय. हे कोणत्या बरणीत टाकायचं यावर सुनंदाताई आणि मामांचा वाद झाला. उजव्या, असं ठरलं.

दुकान बंद व्हायच्या वेळेला डाव्या बरणीचा तळ जेमतेम झाकला होता. उजवी गळ्यापर्यंत आली होती. मी दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढला.

आणि तेवढ्यात मामा बाहेरून आले, हातात मिठाची पिशवी, चेहरा पडलेला. रस्ता रुंद झाल्यापासून भाजीवाल्या चौकाच्या पलीकडं बसायला लागल्या होत्या. हात बदलायची जागा सरकली होती, आणि आमचं दुकान आता तिच्या पुढं पडत होतं. "बायका येतेत, पण दमून येतेत," म्हणाले. "विक्री कामून हलत न्हाई ते हे. मी दोन वर्षांत हिकडं परत उभा राह्यलो न्हाई. ही माझी चूक हाय, रेणापूरची न्हाई."

भाऊंनी बरण्यांचा फोटो बराच वेळ बघितला. सर म्हणाले, एक बाजार पुरेसा नाही, आणि ते बरोबरच होतं. ठरलं असं की अजून तीन बाजार मोजायचे, मी मोजायचे, मग निर्णय. बंदचा कागद तोवर भाऊंच्या टेबलावर.

मी मोजायचे, कारण त्याच महिन्यात मामांना निरोप दिला. वय झालेलंच होतं, आणि 'फील्ड' हे खातंच नव्या आराखड्यात नव्हतं. शाल, नारळ, समोसे. भाऊ मामांना बोला म्हणाले, तर ते उठून एवढंच बोलले:

"नकाशाशी माझं भांडण न्हाई. मला त्यो वाचता येत न्हाई एवढंच. पण ज्याला वाचता येतो त्यानं आठवड्यातून एकदा तरी चप्पल झिजवावी. बसा, समोसे गार होऊन राह्यलेत."

आणि जाताना खिशातले मूठभर चिंचोके माझ्या कीबोर्डवर ओतले. शिफ्टच्या बटणाखाली एक अडकला, अजून निघत नाही.

पुढच्या बाजाराला मी रेणापूरला गेले, बरण्या मांडल्या आणि बाहेर बघते तर समोरच्या पत्र्याच्या सावलीत मामा उभे. पांढरा शर्ट, डाव्या खिशात हात.

मी पळत गेले. "मामा, तुम्ही आता कशाला? तुमचं तर काम संपलं."

"दुकान कंपनीचं हाय," म्हणाले. "रस्ता कुणाच्या बापाचा हाय?"

"अहो, पण सरांना कळलं तर म्हणतील मी तुम्हाला बोलावलं."

"सांग त्यांना, मी नकाशात दिसत न्हाई म्हणून. तुझं तू मोज, माझं मी मोजतो. मला दाखवू नको नि मी तुला दाखवत न्हाई. शेवटी मिळालं तर मिळालं."

तीनही बाजार ते आले. शेवटचा आज होता. दुपारी आम्ही चहाला भेटलो, मी मोजलेल्या पिशव्यांचा आकडा कागदावर लिहिला, त्यांनी उजवा खिसा टेबलावर मोकळा केला. दोन्हींत पाच चिंचोक्यांचा फरक. ते म्हणाले, पाच तुझ्या सुटल्या. मी म्हटलं, पाच तुम्ही जास्तीच्या टाकल्या. त्यावर आमचा चहा गार होईपर्यंत वाद. मी आकडे, बरण्यांचे फोटो आणि पिशव्यांचा एक वेगळा थर घातलेला नवा नकाशा तिथूनच भाऊंना आणि सरांना पाठवला आणि लातूरची गाडी पकडली.

गाडी स्टँडमधून निघाली आणि फोन वाजला. ग्रुपवर भाऊंचा मेसेज. "रेणापूर बंद होणार नाही. चौकाच्या अलीकडं जागा बघा." खाली सरांचा: "शीतल, पिशव्यांचा थर बाकी दुकानांनाही लाव. पुढच्या बाजाराला मीही येतो."

मी गाडीतच ओरडले. कंडक्टरनं बघितलं. मामांना फोन लावला. वाजला, वाजला, आणि मामींनी उचलला.

"ते न्हाईत गं माय. रेणापूरला बाजाराला गेलेत."

"मग त्यांचा फोन..."

"हितंच हाय, चार्जिंगला. बाजारात फोन नेतेत का ते."

मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांत पाणी पण. म्हणजे आजही माझ्या नकाशावर व्यंकटमामा दिवसभर लातूरला घरातच होते.

तेवढ्यात गाडी चौकात आली, पुढं ट्रॅक्टर आडवा, म्हणून थांबली. आणि मला ते दिसले. गर्दीतून चालत होते, हातात मिठाची पिशवी, बायकांच्या मागोमाग, त्यांच्याच चालीनं. मी खिडकीतून हात हलवला, मामा मामा म्हणून हाका मारल्या, हॉर्नमध्ये काही ऐकू गेलं नसणार. ते थांबले. पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. पायाखाली बघितलं. मग खिशातून खडू काढला, वाकले आणि कट्ट्यावर रेघ मारली. मागं वळले आणि अलीकडं मोजत निघाले, एक एक पाऊल, ओठ हलत होते. दुकान राहणार का जाणार हे त्यांना कुणीच सांगितलेलं नव्हतं. ट्रॅक्टर हलला. त्यांचं मोजणं वीसेक पावलांपर्यंत आलं असेल, तोवर गाडी वळली.

लातूरला गाडी बदलून नांदेडच्या गाडीत बसले, आता अहमदपूरही मागं गेलं, बॅटरी संपत आलीय, तेव्हा आता तुम्ही सांगा. तुमच्या घरी बाजाराच्या दिवशी कुणाचा फोन चार्जिंगला राहतो? आणि तुम्ही कामाला लागलात तेव्हा तुमच्याही हातात कुणी अशी मिठाची पिशवी दिली होती का? मला खरंच ऐकायचंय.